वॉर्डच्या क्रमाने फार्माकॉलॉजी : आमच्या औषध-वहीच्या नोंदी

९ जून

बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या सत्राची परीक्षा सप्टेंबरात धरून कामाला लागलोय. अभ्यासक्रमात फार्माकॉलॉजीचे दोन भाग, अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंगचे दोन भाग, अर्धे तिसऱ्या सत्रात, अर्धे चौथ्यात. वॉर्डात ही वाटणी कुणी पाळत नाही. एकाच खाटेवरच्या माणसाचा मधुमेह तिसऱ्या सत्रातला असतो, मूत्रपिंडाचा आजार चौथ्यातला, आणि गोळ्या दोन्हीकडच्या. म्हणून खोलीतल्या आम्ही चौघींनी एकच औषध-वही करायला घेतली आहे. मी धुळ्याची, एक शहाद्याची, एक यावलची, एक पारोळ्याची.

नेहमीच्या ड्रग बुकमध्ये रकाने ठरलेले असतात : नाव, गट, कार्य, मात्रा, मार्ग, वापर, दुष्परिणाम आणि अगदी शेवटी नर्सची जबाबदारी. तो शेवटचा रकाना सगळ्यात अरुंद, आणि त्यात बहुतेक वेळा ‘व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास) पाहणे’ एवढंच मावतं. आम्ही वही उलटी मांडतोय. प्रत्येक औषधाला आधी चार प्रश्न : देण्याआधी काय पाहायचं, देताना काय सांभाळायचं, दिल्यावर काय दिसायला हवं आणि काय दिसता कामा नये, घरी जाताना काय सांगायचं. गट आणि कार्य त्यानंतर, कारण या चार प्रश्नांची ‘का’ तिथून मिळते. डॉक्टरांनी औषध लिहिल्यावर ते पेशंटच्या अंगात जाईपर्यंत मधे शेवटची उभी असते ती नर्स. तिचा रकाना अरुंद ठेवून चालणार नाही.

क्रमही पुस्तकाचा घ्यायचा नाही. खान्देशातल्या वॉर्डात ज्या ऋतूत जे येतं, ते आधी.

१२ जून

पहिलं पान उष्माघाताचं. मृग लागला तरी उकाडा हटलेला नाही, आणि भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे इथं कुणाला सांगायला नको.

हे पान पहिलं घेण्याचं आणखी एक कारण आहे. ‘अंग तापलंय, पॅरासिटामॉल द्या’ हा विचार इथं कामाचा नाही, आणि का नाही ते समजलं की तापाची सगळी फार्माकॉलॉजी समजते. तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं ठरवलेलं तापमानच वर नेतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन कमी करून ते खाली आणतं. उष्माघातात ठरलेलं तापमान जागेवरच असतं, उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था कोलमडलेली असते. पॅरासिटामॉलला तिथं धरायला काही नाही, उलट आधीच ताणलेल्या यकृतावर भार पडतो. शरीर ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि माणूस भ्रमात किंवा बेशुद्ध, तर पहिलं काम बाहेरून थंड करणं : कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडणं, पंख्याचा वारा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या. सोबत श्वसनमार्ग, सलाइन आणि दर थोड्या वेळाने तापमान.

पेशंट आधीपासून काय घेतो हेही विचारायचं. लघवीच्या गोळ्या, मनोविकाराची काही औषधं, घाम बंद करणारी अ‍ॅट्रोपीनच्या जातीची औषधं, यांच्यावर असलेला माणूस उन्हात लवकर कोसळतो. हा प्रश्न आमच्या वहीत ‘घरी काय सांगायचं’ या रकान्यातही गेला.

१८ जून

लॅसिक्स (लघवी वाढवणारं) आणि डिगॉक्सिन (हृदयाचं). आजचा पूर्ण दिवस या जोडीवर गेला आणि तो जायलाच हवा होता. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला ही दोन्ही औषधं एकत्र मिळतात आणि एकाचा परिणाम दुसऱ्याला विषारी करू शकतो.

फुरोसेमाइड हे लॅसिक्सचं मूळ नाव. ते मूत्रपिंडातल्या हेनलेच्या लूपच्या वर चढणाऱ्या जाड भागात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड परत शोषू देत नाही. पाणी जातं, पायांची सूज उतरते, धाप कमी होते, पण पोटॅशियमही जातं. डिगॉक्सिन हृदयाच्या पेशीवरच्या सोडियम-पोटॅशियम पंपावर बसतं, तेही पोटॅशियमच्या जागेवर. रक्तात पोटॅशियम कमी झालं की जागा रिकामी राहते आणि डिगॉक्सिन जास्त घट्ट बसतं. रक्तातली त्याची पातळी नेहमीचीच असली तरी विषबाधेची लक्षणं येऊ शकतात : भूक मरणं, मळमळ, ठोके अनियमित होणं, दिव्याभोवती पिवळं-हिरवं वलय दिसणं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांवरचा आपला अनुभव १७८५ मध्ये छापला, त्यातही उलट्या आणि पिवळं-हिरवं दिसणं नोंदलेलं आहे. एवढं जुनं औषध, आणि अजूनही देण्याआधी स्टेथोस्कोप लावून एक मिनिट थांबावं लागतं.

वहीत लिहिलं ते असं. डिगॉक्सिन देण्याआधी एपिकल पल्स, म्हणजे स्टेथोस्कोपने ऐकायचे हृदयाचे ठोके, डाव्या बाजूला पाचव्या बरगडीच्या फटीत, पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची नाही, कारण अनियमित ठोका त्या उरलेल्या अर्ध्यात असू शकतो. मोठ्या माणसात ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. रिपोर्टमधलं पोटॅशियम पाहायचं, साधारण ३.५ ते ५. लॅसिक्सचं इंजेक्शन सावकाश द्यायचं, भरभर दिलं तर कानावर परिणाम होतो. रोज सकाळी त्याच वेळी, तसल्याच कपड्यांत वजन. एका दिवसात एक किलो वाढलं तर ती चरबी नाही, जवळपास एक लिटर पाणी आहे.

लॅसिक्स सकाळी का, यावर यावलची मैत्रीण जे बोलली ते मी जसंच्या तसं वहीत उतरवलं. तिच्या गल्लीतले म्हातारे लोक उन्हाळ्यात ओट्यावर नाहीतर गच्चीवर झोपतात. रात्री लघवीला उठायचं म्हणजे अंधारात जिना उतरायचा. रात्रीच्या डोसने त्यांचं खुब्याचं हाड मोडतं. पुस्तकात याला ‘झोपमोड टाळण्यासाठी’ म्हणतात. आमच्याकडचं कारण जास्त गंभीर आहे.

आणि केळी. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, रावेर-यावल-चोपड्याकडे प्रत्येक घरात घड लटकलेला असतो. १०० ग्रॅम केळ्यात साधारण ३५० मि.ग्रॅ. पोटॅशियम असतं. लॅसिक्सवर असलेल्या आणि मूत्रपिंड ठीक असलेल्या माणसाला केळी खायला सांगणं योग्यच. पण त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर मूत्रपिंड निकामी होत चाललेला, एनालाप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणारा पेशंट असतो. ही दोन्ही औषधं पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. त्याला भेटायला आलेले नातेवाईक केळी आणतात, आणि शेजारच्याचा सल्ला ऐकून तोही खातो. आहाराचा सल्ला खाटेनुसार आणि रिपोर्ट पाहून द्यायचा, वॉर्डभर एकच सांगायचा नाही. हे वाक्य आम्ही लाल शाईने लिहिलं.

२४ जून

गणितं. सलाइनचं सूत्र सगळ्यांना येतं : एकूण मि.लि. गुणिले सेटचे थेंब (एका मि.लि.त पडणारे), भागिले मिनिटं. ५०० मि.लि. ४ तासांत, २० थेंबांचा सेट, उत्तर मिनिटाला ४२ थेंब. ते पटकन उरकलं.

वेळ गेला पार्कलँड सूत्रावर, म्हणजे भाजलेल्या पेशंटला किती सलाइन द्यायचं त्यावर. ४ मि.लि. गुणिले वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी. ६० किलोचा माणूस, ३० टक्के भाजलेला, म्हणजे २४ तासांत ७,२०० मि.लि. रिंगर लॅक्टेट. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत, ३,६०० मि.लि., तासाला ४५०. इथपर्यंत सरळ आहे. पण हे ८ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, दवाखान्यात आल्यापासून नाही. धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरून माणूस झोळीत, मग जीपमध्ये, घाट उतरून येतो. वाटेत २ तास गेले आणि काहीच द्रव मिळालं नसेल, तर तेच ३,६०० मि.लि. उरलेल्या ६ तासांत द्यायचे, तासाला ६००. २० थेंबांच्या सेटने मिनिटाला २०० थेंब होतात, जे एका सेटवर मोजणंही कठीण, म्हणून शिरेत दोन जाड कॅन्युला (सलाइनच्या नळ्या). ‘किती वाजता भाजलं?’ हा प्रश्न केस पेपरवर पहिल्या ओळीत हवा, नाहीतर सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं.

सूत्र फक्त सुरुवातीपुरतं. पुढचा वेग लघवी ठरवते : मोठ्या माणसात तासाला किलोमागे अर्धा मि.लि., म्हणजे या पेशंटला निदान ३० मि.लि.

२ जुलै

सर्पदंश. पाऊस सुरू झाला, शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच मिळते, माणूस मोटार चालू करायला अंधारात बांधावरून जातो. कॅज्युअल्टीत पोस्टिंग असलेल्या सगळ्यांना हे पान तोंडपाठ हवं.

चार साप : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. भारतातली सर्पविषावरची लस, जिला वॉर्डात सगळे एएसव्ही म्हणतात, या चारही विषांवर मिळून बनवलेली असते. त्यामुळे साप मारून पिशवीत आणायची गरज नाही, हे नातेवाइकांना शांतपणे सांगायचं. साप शोधण्यात गेलेला अर्धा तास परत येत नाही.

घोणस आणि फुरसे रक्तावर जातात. तपासणी साधी आहे : २ मि.लि. ताजं रक्त, नवीन, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत, २० मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच कलंडून पाहायचं. गोठलं नसेल तर विष रक्तात उतरलंय. नळी काचेचीच का? रक्त गोठण्याची साखळी काचेच्या पृष्ठभागामुळे सुरू होते. प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं आणि सगळा निर्णय चुकतो. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही. ही तपासणी बहुतेक वेळा नर्सच्या हातून होते, म्हणून आम्ही ती औषधाच्याही आधी लिहिली.

नाग आणि मण्यार मज्जासंस्थेवर जातात. मण्यारचं पान सगळ्यात जपून लिहिलं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दाताची खूण नीट दिसत नाही, सूज नाही, कधी नुसतं पोट दुखतं. पहाटे आई मुलाला उठवते तर पापण्या उघडत नाहीत. पापणी जड होणं, एकाचे दोन दिसणं, गिळता न येणं, मान सावरता न येणं, हा क्रम दर तपासणीत पाहून वेळेसह लिहायचा. श्वासाचा वेग अजून बरा दिसत असला तरी पेशंटला एका दमात किती आकडे मोजता येतात ते ऐकायचं. आकडे कमी होत गेले तर व्हेंटिलेटरची तयारी.

एएसव्ही देताना : पावडरच्या प्रत्येक व्हायलमध्ये १० मि.लि. डिस्टिल्ड वॉटर, जोरात हलवायचं नाही, फेस येतो, हळू फिरवायचं. सुरुवातीला साधारण १० व्हायल सलाइनमधून तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष मूल पाहून कमी सोडलेलं नसतं. त्वचेवरची टेस्ट करायची नाही, ती रिअ‍ॅक्शनचा अंदाज देत नाही आणि वेळ खाते. सेट चालू करण्याआधी अ‍ॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेवर ठेवलेलं हवं : १ : १००० चं ०.५ मि.लि., मोठ्या माणसाला, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. पहिली काही मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही. खाज, पित्त उठणं, खोकला, आवाज बसणं, बीपी उतरणं, यातलं काहीही दिसलं की लस थांबवायची आणि अ‍ॅड्रिनॅलिन द्यायचं. रिअ‍ॅक्शन आटोक्यात आली की लस पुन्हा सावकाश सुरू होते, कारण विष अजून अंगात आहे. हा शेवटचा मुद्दा परीक्षेत अनेक जणी सोडतात, म्हणून चौकटीत.

दोरी आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, यातलं काही नको. हात-पाय मोडल्यावर फळी लावतात तसा आधार देऊन अवयव स्थिर ठेवायचा आणि तडक दवाखाना.

त्याच पानाच्या मागे विंचूदंश घेतला. महाडला राहून यावर आयुष्य घालवलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, घाम, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. प्राझोसिन रक्तवाहिन्या सैल करतं. नर्ससाठी महत्त्वाचं एवढंच की पहिल्या डोसनंतर बीपी एकदम उतरू शकतं. पेशंटला झोपवूनच ठेवायचं, कडेवर उभं धरून बाथरूमला न्यायचं नाही, आणि बीपी वारंवार.

६ जुलै, आषाढी एकादशी

मुक्ताईनगरची पालखी पंढरपुरात, आणि आमच्या मेडिसिन वॉर्डात अर्ध्या पेशंटचा उपवास. म्हणून आज मधुमेह.

उपवास करू नका असं म्हटलं की आजीबाई मान हलवतात आणि करतातच. तेव्हा आधी विचारायचं ते औषध कोणतं. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर धोक्याइतकी खाली जाण्याची शक्यता कमी, कारण ती स्वादुपिंडातून इन्सुलिन ढकलत नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर जेवण चुकलं तरी औषध आपलं काम करतच राहतं. त्या पेशंटचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही. दुसऱ्या बाजूला साबुदाण्याची खिचडी आणि रताळं, म्हणजे दुपारी साखर वर. एकाच दिवसात दोन्ही टोकं.

घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, मग गोंधळ. साखर ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीत, तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं बीपीचं औषध) घेणाऱ्या माणसात धडधड दबते, घाम मात्र येतो. म्हणून अशा पेशंटच्या कपाळाला हात लावून पाहायचा.

इन्सुलिनच्या सिरिंजवर अर्धा तास घालवला. आपल्याकडच्या बऱ्याच व्हायल एका मि.लि.त ४० युनिटच्या, तर पेनमधल्या काड्या १०० युनिटच्या. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. ४० च्या व्हायलसाठी १०० ची सिरिंज वापरली तर डोस निम्म्याहून कमी जातो, उलट केलं तर अडीचपट. घरी इन्सुलिन घेणाऱ्याला डिस्चार्जच्या वेळी सिरिंज हातात देऊन, त्याच्याकडूनच भरून घ्यायची. रेग्युलर आणि एनपीएच ही दोन प्रकारची इन्सुलिन एकत्र भरताना आधी स्वच्छ दिसणारं, मग दुधाळ.

१५ जुलै

कपाशीवर फवारणी सुरू झाली. ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधा. पारोळ्याच्या मैत्रिणीने हे पान स्वतःहून मागून घेतलं, तिच्या घरी कपाशी आहे.

अ‍ॅसिटिलकोलिन हे नसांचा निरोप पोचवणारं रसायन; ते तोडणारं एन्झाइम हे कीटकनाशक बंद पाडतं. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं : डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, लाळ, घाम, जुलाब, नाडी मंद, छातीत घरघर, स्नायू फडफडणं. अ‍ॅट्रोपीन यातली घरघर, लाळ आणि मंद नाडी सावरतं. स्नायूंची दुबळी अवस्था ते सावरत नाही, कारण तिथले रिसेप्टर वेगळे आहेत. हा फरक लिहिला की दीर्घोत्तरी प्रश्नाचा अर्धा गाभा आला.

अ‍ॅट्रोपीन पुरेसं झालं हे कशावरून ठरवायचं? नुसत्या बाहुल्यांवरून नाही. छाती दोन्हीकडे कोरडी ऐकू यायला हवी, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काख कोरडी. तोवर दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट. एका अ‍ॅम्प्यूलमध्ये ०.६ मि.ग्रॅ. असतं. ३ मि.ग्रॅ. म्हणजे ५ अ‍ॅम्प्यूल, पुढचा डोस १०, त्यापुढचा २०. मध्यरात्री एकटी सिस्टर एवढ्या काचा फोडत असते, म्हणून पहिला डोस जाताच पुढच्याची तयारी आणि मोजणीसाठी रिकाम्या अ‍ॅम्प्यूल एकाच ट्रेमध्ये. जास्त झाल्याची खूण : ताप, बडबड, अंगावरची चादर ओढणं, लघवी अडणं, पोटात आतड्याचा आवाज न येणं. पोटाला स्टेथोस्कोप लावायला कुणी सांगत नाही, तरी लावायचा.

बंद पडलेलं एन्झाइम पुन्हा चालू करणारं प्रॅलिडॉक्सिम सावकाश द्यायचं, घाईने दिलं तर घशाचे स्नायू आवळून श्वास थांबू शकतो.

आणि सगळ्याच्या आधी हातमोजे, पेशंटचे कपडे काढून पिशवीत बंद, केसांसकट साबण-पाण्याने अंघोळ. कपड्यांत विष आहे तोवर ते कातडीतून आत जातच राहतं, आणि आपल्याही हातातून.

दोन-तीन दिवसांनी पेशंट बोलायला लागतो, घरचे सुटीची घाई करतात. साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. प्रत्येक पाळीत एकच करायला सांगायचं : उशीवरून डोकं उचला. उचलता आलं नाही तर लगेच कळवायचं.

यातले काही पेशंट फवारताना बाधलेले असतात, काहींनी घेतलेलं असतं. मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. मला वाटतं, हे कलम पाठ असण्यापेक्षा ते आपल्या आवाजात उतरणं गरजेचं आहे. त्या खाटेशी उभं राहून ‘असं का केलं?’ विचारणारे घरचे पुष्कळ असतात. आपण पाणी विचारावं.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाईच्या उत्सवासाठी सगळ्या आपापल्या घरी, वही माझ्याकडे. रोट, खीर, आणि घरातल्या मोठ्यांच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं. तीच आजची उजळणी. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याशी सूज येते, ती मिठाची नसून रक्तवाहिन्या सैल झाल्याची. एनालाप्रिलने कोरडा खोकला, ओठ-जीभ सुजली तर तातडी. अटेनोलोल एकदम बंद करायचा नाही. काकांनी विचारलं, “बीपी उतरनं, हाई गोळी आते बंद करू का?” गोळी चालू आहे म्हणून बीपी उतरलंय, हे उत्तर प्रत्येक घरात द्यावं लागतं. बिबडे आणि पापड यांतलं मीठ हा वेगळाच विषय, त्यावर काकूंशी बोलले.

१२ ऑगस्ट

सिकलसेल. शहाद्याच्या मैत्रिणीचं पान. ती भिल्ल समाजातली आहे, तिला हे पुस्तकाबाहेर माहीत आहे, म्हणून आम्ही तिघी लिहून घेत होतो आणि ती सांगत होती.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिन्या तुंबतात. सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू केली, तेव्हापासून तपासणीबद्दल गावात जास्त बोललं जातं असं ती म्हणते.

हायड्रॉक्सियुरिया हे मूळचं कर्करोगाचं औषध. ते बाळाच्या अंगात असतं तसलं हिमोग्लोबिन, एचबीएफ, वाढवतं आणि वाकणाऱ्या पेशी कमी होतात. पण अस्थिमज्जाही दाबतं. देण्याआधी रक्ताचा सीबीसी, विशेषतः पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. घसा दुखून ताप आला तर घरी थांबायचं नाही. गर्भधारणा टाळायची. कॅप्सूल उघडायची नाही, आणि हाताळताना आपणही हातमोजे घालायचे. फॉलिक अ‍ॅसिड सोबत.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही वेदनेवर बोललो. या पेशंटच्या अंगावर जखम नसते, प्लास्टर नसतं, तरी हाडं फुटल्यासारखी दुखतात. तो वारंवार इंजेक्शन मागतो तेव्हा ‘याला सवय लागलीय’ असं पटकन म्हटलं जातं. मैत्रिणीच्या नात्यातल्या एका मुलाला एका ठिकाणी हे ऐकावं लागलं, आणि पुढच्या वेळी तो दुखणं घेऊन घरीच बसला. वेदना पेशंट सांगतो तेवढी असते. शून्य ते दहा मोजून लिहायची, औषधानंतर पुन्हा मोजायची. मॉर्फिन दिलं तर श्वासाचा वेग आणि गुंगी पाहायची, मिनिटाला १२ च्या खाली गेला तर पुढचा डोस थांबवून कळवायचं, नॅलॉक्सोन हा त्याचा उतारा हाताशी. भरपूर पाणी, ऊब, संसर्गावर उपचार.

घरी सांगायचं ते त्यांच्या वर्षाला धरून. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. थंडीत पहाटे ओला ऊस, पाणी कमी, काम जड, म्हणजे झटका आणणारी सगळी कारणं एका ठिकाणी. जाताना पुरेल एवढी औषधं आणि तपासणीचं कार्ड बरोबर हवं, आणि हे विचारण्याची वेळ दिवाळीआधीची आहे.

२० ऑगस्ट

क्षयाची चार औषधं, थोडक्यात, कारण ही सगळ्यांना येत होती. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, हे आधीच सांगितलं नाही तर रक्त समजून माणूस गोळ्या सोडतो. शिवाय ते गर्भनिरोधक गोळ्या निकामी करतं. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या, म्हणून पायरिडॉक्सिन. एथॅम्ब्युटॉलने लाल-हिरवा रंग ओळखण्यात अडचण. पायराझिनामाइडने युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे दुखतात. पहिले २ महिने चारही, पुढचे ४ महिने पायराझिनामाइड सोडून तीन.

मग उतारे, म्हणजे औषध जास्त झालं तर त्यावर द्यायचं औषध : हेपारिनला प्रोटामाइन, वॉरफेरिनला व्हिटॅमिन के, पॅरासिटामॉलला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, मॉर्फिनला नॅलॉक्सोन, मॅग्नेशियम सल्फेटला कॅल्शियम ग्लुकोनेट. वॉरफेरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या गोळीच्या) पानावर मेथी, पोकळा, पालक : बंद करायच्या नाहीत, आठवड्याला खायचं प्रमाण सारखं ठेवायचं, म्हणजे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) हलणार नाही. पोटॅशियम क्लोराइडसमोर एकच ओळ, मोठ्या अक्षरात : शिरेत थेट कधीही नाही, नेहमी पातळ करून, सावकाश.

३१ ऑगस्ट

उत्तरं लिहिण्याचा सराव. खालच्या वर्गाला शिकवणाऱ्या ट्यूटर मॅडमनी चार उत्तरं तपासून दिली. त्यांचं म्हणणं आमच्या वहीशी जुळलं : ‘व्हायटल्स मॉनिटर करणे’ याला अर्थ नाही, कोणतं, किती वेळाने, कोणत्या आकड्याला थांबायचं, ते लिहा. ‘पेशंटला चक्कर येते का विचारणे’ यापुढेही जा, झोपून आणि उभं करून दोन्ही बीपी लिहा. मी वॉर्डात आता तसंच करते : “आप्पा, उठता चक्कर येस का?” आणि उत्तर येईपर्यंत कफ बांधून झालेला असतो.

फेनिटॉइन या फिटच्या औषधावर वाद झाला आणि मिटला. ते डेक्स्ट्रोजमध्ये साका धरतं, फक्त नॉर्मल सलाइन, मिनिटाला ५० मि.ग्रॅ. पेक्षा वेगाने नाही, ईसीजी लावून. मेंदूची सूज उतरवणाऱ्या मॅनिटॉलच्या बाटलीत खडे दिसले तर कोमट पाण्यात धरून विरघळवायचे आणि फिल्टरचा सेट लावायचा.

७ सप्टेंबर

वहीची झेरॉक्स काढून तिसऱ्या सत्रातल्या मुलींना दिली. त्यांनी पहिलाच प्रश्न चांगला विचारला : एएसव्हीच्या पानावर गरोदर बाईबद्दल काहीच कसं नाही? डोस तोच, लस रोखायची नाही, बाळाचे ठोके आणि रक्तस्राव पाहायचा, ही ओळ आजच जोडली. डोळ्यांच्या थेंबांचं पान बाकी आहे. काचबिंदूचं टिमोलोल घातल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी एक-दोन मिनिटं बोट दाबून धरायचं, नाहीतर ते नाकावाटे रक्तात जाऊन दम्याच्या पेशंटला त्रास देतं, इथून सुरुवात करायची. पायलोकार्पिन यावलची मैत्रीण लिहिणार आहे, कानाचे थेंब मी. बुधवारपर्यंत दोन्ही व्हायला हवं.